पत्र्यांची धूळ आणि गुळाचा खडा

आमच्या आरमोरीतली कवेलूची, म्हणजे मातीच्या कौलांची, छपरं गेली ती माकडांमुळे. माकडं नाचायची, कवेलू फुटायचे, आणि दर वर्षी पावसाळ्याआधी छप्पर फेरायला, म्हणजे कवेलू काढून नव्यानं रचायला, घरदार वेठीला धरलं जायचं. मग सिमेंटचे पत्रे आले आणि बाबांच्या हाताला जन्माचं काम मिळालं. ते पत्रे बसवणारे मिस्त्री. गावातल्या राइस मिला, घुग्घुसच्या कामगारांची घरं, भामरागडकडच्या शाळा, कुठंकुठं त्यांनी छपरं चढवली. पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं हे त्यांना ठाऊक होतं. तो शब्द ते जरा ऐटीतच उच्चारायचे, कारण त्यामुळे पत्र्याला आग लागत नाही.

करवतीनं पत्रे कापून बाबा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांपासून पांढरे झालेले असायचे. दारातच शर्ट काढून ते आईच्या हातात देत. आई तो अंगणात नेऊन फडाफडा झटकायची, मग धुवायची. आधी झटकला नाही तर पाणी फार लागतं, असं तिचं म्हणणं. शर्ट दोरीवर गेला की डब्यातून गुळाचा खडा काढून बाबांना द्यायची. गूळ खाल्ला की दिवसभराची धूळ उतरते, ही आमच्याकडच्या झाडून साऱ्या कामगारांची श्रद्धा. माझा नवरा घुग्घुसला सिमेंट कारखान्यात आहे, तिथंही शिफ्ट सुटली की गूळ निघतो. मला आता त्या गुळाचाच राग येतो. गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात; दोघांची वाटेत गाठही पडत नाही.

बाबा जरा खोकले की आम्ही सगळे कान टवकारायचो. आई खोकायची तेव्हा चुलीचा धूर म्हणून सोडून द्यायचो. गॅस आला, चूल गेली, खोकला राहिला. मग बाजारातून येताना ती शाळेच्या ओट्यावर दम खायला बसू लागली. टीबीची तपासणी झाली, काही निघालं नाही. शेवटी मी तिला चंद्रपूरला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. बाबाही सोबत आले.

“काय काम करता?” डॉक्टरांनी आईला विचारलं.

“काई नाई. घरीच राह्यते.”

“आणि हे?”

बाबा पुढे सरसावले आणि कुठल्या कुठल्या मिलांवर आपलं छप्पर आहे ते सांगू लागले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

“तुमचे कपडे कोण धुतं?”

“कोण म्हणजे? हीच धुते,” बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी आईच्या छातीचा स्कॅन काढून आणायला लावला. मग स्कॅनवर बोट ठेवून त्यांनी आईच्या फुप्फुसातले व्रण दाखवले. पत्र्याच्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे बारीक तंतू असतात. श्वासाबरोबर ते आत जातात, रुतून बसतात आणि त्यांचा त्रास कित्येक वर्षांनी दिसतो. झालेलं भरून येत नाही. वाढू नये म्हणून जपायचं, तपासण्या चुकवायच्या नाहीत आणि ती धूळ पुन्हा नाकात जाऊ द्यायची नाही. नंतर बाबांच्याही छातीत व्रण निघाले. पण दम आईचा गेला होता. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये बाबा माझ्या शेजारी बसले होते. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती. दोन्ही एकाच वेळी.

आमच्या घरावरही तेच पत्रे होते. डॉक्टर म्हणाले होते की धड पत्रा जागेवर असेल तर त्याला हात लावू नका. कापू नका, भोक पाडू नका, घासू नका. पण घरी येऊन पाहतो तर माकडांनी स्वयंपाकघरावरचे पत्रे फोडून ठेवलेले. तुटलेल्या कडा ओट्यावर झडत होत्या, आणि आई झाडू घेऊन निघाली होती. मी झाडू हिसकावला. कोरडं झाडलं की तेच पुन्हा हवेत उडणार. ओल्या फडक्यानं सगळं टिपून घेतलं आणि खोली बंद केली.

दुसऱ्या दिवशी बाबा करवत घेऊन शिडीकडे निघाले.

“एक तुकडा कापतो न् लावून देतो. काऊन एवढा बाऊ करून राह्यली?”

“बाबा, करवत लावली तर मी आईले घेऊन जाईन. मंग राहा तुमी तुमच्या पत्र्याखाली!”

ते थांबले. मी नेणार तरी कुठे होते? घुग्घुसला माझ्या घरी, कोळशाच्या खाणींच्या धुळीत? ते तर आगीतून फुफाट्यात झालं असतं. पण बाबांनी ते विचारलं नाही, करवत खाली ठेवली.

फुटलेले पत्रे काढायचेच झाले तर ते काम शिकलेल्या माणसांकडून करून घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. आम्ही आरमोरीपासून चंद्रपूरपर्यंत विचारलं. पत्रे काढणारे जागोजागी होते, धुळीचं नाव काढलं की हसायचे. शेवटी बाबांनीच करायचं ठरवलं, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या पद्धतीनं. गोल फिल्टरचा मास्क मागवला. तो चेहऱ्याला घट्ट बसेना म्हणून बाबांनी दाढी काढली. आईला दूरच्या शेजाऱ्यांकडे पाठवलं, निघताना ती बाबांकडे बघून म्हणाली, “लग्नातल्यासारखे दिसून राह्यले!” नव्या फवारणी पंपानं बाबांनी स्वयंपाकघरावरचे पत्रे भिजवले. छपरावर आडव्या टाकलेल्या फळीवर बसून नट सैल केले आणि प्रत्येक पत्रा अलगद, न आपटता खाली दिला. मी मास्क लावून खाली उभी होते. ओले पत्रे, चुरा, फडकी, सगळं जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून पट्ट्या लावल्या. ते टाकायचं कुठं, हे नगरपरिषदेत कुणाला सांगता येईना. एकानं तर नाला दाखवला. ते गाठोडं अजून परसात, ताडपत्रीखाली आहे.

जागा पुसून झाल्यावर आईला बोलावलं. बाबा अंगावर पाणी ओतून घेत होते. ती आली आणि सवयीनं शर्टासाठी तिनं हात पुढे केला.

“तुले नाई देत,” बाबा म्हणाले. चांगला होता शर्ट, पण ओलाच प्लास्टिकमध्ये कोंबून त्यांनी तोंड बांधलं.

आईनं हात मागे घेतला. मग ती आत गेली आणि डब्यातून गूळ घेऊन आली. बाबांनी ओला हात पुढे केला.

तिनं तो खडा स्वतःच्या तोंडात टाकला.

“मले कधी कोणी देल्ला नाई,” ती म्हणाली, आणि दम लागला म्हणून पायरीवर बसली.