झाकण लावलेला लॅपटॉप आणि ने-मेल्कीचे गरम पाय

त्या वर्षी आम्हा तोराजा लोकांच्या डोंगरात एक कुजबुज फिरत होती, की ने-मेल्की पडल्यापडल्या लेकीच्या लॅपटॉपमधला चार्ज पिऊन टाकतो. सांगणारे हळूच सांगत आणि वर म्हणत, "माझं नाव घेऊ नकोस हं." नाव कशाला घ्यायचं? ही पुडी त्याच्याच बहिणीच्या, बुंगिन आत्याच्या सुपारीच्या डब्यातून सुटली हे अख्ख्या रांतेपाओ गावाला ठाऊक होतं.

ने-मेल्की म्हणजे मेल्कीचा आजोबा. पहिला नातू झाला की आमच्याकडे माणसाचं स्वतःचं नाव मागे पडतं आणि उरलेला जन्म तो नातवाच्या नावाने काढतो. म्हातारा गेले दोन पावसाळे आजारी होता. आजारी म्हणजे, श्वास थांबला होता. पण रेडे कापून, गावजेवण घालून मोठा विधी होईपर्यंत माणूस गेला असं आम्ही म्हणत नाही. तोवर तो मागच्या खोलीत झोपून असतो, शरीर टिकावं म्हणून औषध टोचलेला, नीट पांघरूण घातलेला. सकाळी त्याच्यापुढे कॉफी जाते, दुपारी भात जातो, आणि बाहेर पडताना त्याला सांगून निघावं लागतं.

हे सगळं करायची डामारिस, त्याची लेक. पन्नाशी उलटलेली विधवा, आणि जीभ अशी की मिरचीवाली तिला लांबून पाहूनच भाव उतरवायची. लोकांच्या लग्नाच्या आणि विधीच्या पत्रिका टाइप करून ती पोट भरायची. आत्याच्या नवऱ्याच्या विधीच्या पत्रिकेत तिने आत्याचं खरं वय छापलं होतं, तेव्हापासून दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

तिचा एकुलता एक मेल्की जहाजावर होता, कुठल्याशा थंड समुद्रात. पुढच्या वर्षाशिवाय त्याची सुटका नव्हती. "तो येऊन भेटेपर्यंत बाबांना घरातून हलवायचं नाही," एवढंच डामारिसचं मागणं. तिचा भाऊ ओबेद मात्र घाईला आलेला. यंदाचं भात कापून झालं की विधी उरकायचा, असं त्याचं पक्कं होत आलं होतं.

लॅपटॉपचं दुखणं म्हातारा आजारी पडल्यावरच सुरू झालं. त्याआधी तो खिडकीपाशी टेबलावर असायचा, कायम वायर लावलेला. पुढे चोराच्या धास्तीने डामारिस काम संपलं की झाकण लावायची, धूळ बसू नये म्हणून नेसायच्या सारोंगच्या कापडात गुंडाळायची आणि बापाच्या पायथ्याशी पांघरुणात सारून ठेवायची. आजारी माणसाच्या अंथरुणात हात घालणारा चोर आमच्या डोंगरात अजून जन्माला यायचाय. पण संध्याकाळी पोटभर चार्ज केलेला लॅपटॉप सकाळी उघडावा तर ठार काळा. आणि आमच्याकडची वीज म्हणजे रुसकी सून, कधी माहेरी जाईल नेम नाही. गिऱ्हाईक दारात आणि पत्रिका लॅपटॉपच्या पोटात!

डामारिसने पडद्याचा उजेड इतका कमी केला की टाइप करताना नाक पडद्याला लागायचं. इंटरनेट बंद केलं. शेवटी सगळं खापर नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर फोडलं. बोलू इथल्या रेड्यांच्या बाजारासमोर सेमुएलचं दुरुस्तीचं दुकान आहे. म्हातारा आजारी पडायच्या जरा आधी त्याने तिची जुनी सिस्टीम काढून एक फुकटातली बसवली होती. "फुकटचं आलं ते खादाडच निघालं," असं ती चारचौघांत बोलायची. गावाला मात्र आत्याचं कारण जास्त पटलं होतं.

मे महिन्यात विधीची तारीख ठरवायला भावकी जमली. बसण्याआधी आत्या भावाला भेटायला मागच्या खोलीत गेली. पांघरुणावरून तिने त्याच्या पायांवर हात फिरवला आणि अशी किंचाळली की अंगणातले कोंबडे उडाले.

"ओबेद! अरे, पाय गरम आहेत!"

"कोणाचे?"

"माझे असते तर ओरडले असते का, मेल्या!"

सगळे दारात गोळा झाले. कोणी हलेना. तेवढ्यात पांघरुणाखालून आवाज आला, घरघर करत लांबलेला, मध्येच अडकून पुन्हा सुरू होणारा. कोणाच्या तरी हातातली कॉफीची कपबशी खाली पडली. दर रविवारी चर्चमध्ये उभं राहून लोकांना श्रद्धा शिकवणारा ओबेद भिंतीला पाठ लावून पांढराफटक पडला.

"श्वास घेतोय माझा दादा," आत्या कुजबुजली. "निघायचंय रे त्याला! ही पोरगी सोडत नाही म्हणून त्या यंत्राचा जीव ओढतोय."

"याच हंगामात," ओबेद कसाबसा म्हणाला. "भात कापलं की लगेच." माना डोलल्या. मेल्कीचा आजोबा मेल्कीला न भेटताच निघाला.

"बाबा?" म्हणत डामारिस पुढे झाली, पांघरुणात हात घातला आणि सारोंगचं गाठोडं ओढून काढलं. लॅपटॉप तव्यासारखा तापलेला, आतला पंखा धापा टाकतोय.

"हा घ्या तुमचा श्वास!"

पण हसलं कोणीच नाही. आत्याने सुपारी गालात सरकवली. "झाकण तर लावलेलं होतं ना गं? मग आत जागं कोण होतं?"

डामारिस लॅपटॉप घेऊन तडक सेमुएलकडे निघाली. ओबेदही मागोमाग आला, एकट्याने त्या घरात थांबायची त्याची छाती नव्हती.

"काय रे, कसली ही हावरट सिस्टीम घातलीस?"

"मावशी, तिला शिव्या नका देऊ," सेमुएल लॅपटॉप चाळत म्हणाला. "जुनीपेक्षा चार घास जास्त खाते, मान्य. पण झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो. तुमचा झोपतच नाही. झाकण लागलं तरी जागंच राहायचं, अशी सेटिंग आहे."

"कोणी केली?"

सेमुएल स्क्रू शोधू लागला.

"कोणी केली, विचारतेय!"

"आजोबांनी. म्हणजे माझ्याकडून करून घेतली, आजारी पडायच्या आधी. लेकीला कळता कामा नये म्हणाले."

डामारिस स्टुलावर बसली. "बाबांनी? त्यांना साधा फोन उचलता येत नव्हता!"

"मेल्की जहाजावरून निरोप बोलून पाठवायचा ना, ते तुम्ही यात साठवलंय. तेवढं लावायला त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं. डोळ्यांना उजेड सोसत नव्हता म्हणून झाकण लावून ऐकायचं होतं. पण झाकण लावलं की नातू गप्प व्हायचा."

ओबेद समोरच्या रेड्यांकडे बघत राहिला.

घरी परतल्यावर तो सरळ मागच्या खोलीत गेला. "बाबा," तो म्हणाला, "पडून राहा. मेल्की आला की मगच ठरवू."

"मी तरी वेगळं काय म्हणत होते?" आत्या म्हणाली, आणि तिने सुपारीचा डबा पुढे केला, तोही डामारिसकडे.

ने-मेल्की चार्ज पीत नव्हता. झाकण लावल्यावर लॅपटॉप झोपायची सेटिंग बंद होती, आणि ती त्यानेच बंद करून घेतली होती.