दाखल्याच्या फाइलीतली मेंढी

कोळपे आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावरच चिडलेली होते. शिरूरच्या आमच्या शाळेच्या ऑफिसात दाखल्यांसाठी पालकांची रांग, आणि वरिष्ठ लिपिक आप्पांचा पत्ता नाही! दौंडहून त्यांचा मुलगा बोलत होता, "ताई, आप्पा पहाटे गेले..." मी आधी रांगेकडे पाहिलं. त्याची अजून लाज वाटते.

माणूस भला, पण डोक्याला ताप. जुन्या एक्सेलमध्ये बनवणाऱ्यांनी विमान उडवायचा खेळ लपवला होता, असं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि आमचं ऑफिस कामातून गेलं. अशा लपवलेल्या गमतीला ईस्टर एग म्हणतात, हे ज्ञानही मला त्यांच्याकडूनच. कुठलंही नवीन सॉफ्टवेअर आलं की आप्पा तासभर भलतीच बटणं दाबत बसणार. काहीच सापडेना, तेव्हा स्वतःच लपवू लागले. हजेरीच्या तक्त्यात दर बुधवारी मेंढी उगवायची. ती मुख्याध्यापकांसमोर उगवली, तेव्हा बोलणी मी खाल्ली. वर आप्पा म्हणतात, "करणाऱ्यानं आपली खूण ठिवायची असती, ताई."

दिवाळीनंतर ते निवृत्त होणार होते. गेले त्याच्या आधीच्या शनिवारी एसटीसाठी निघताना म्हणाले, "दाखल्याच्या फाइलीत तुमच्यासाठी एक ठिवलंय. हुडका."

"आप्पा, नीट सांगा ना!"

"सांगायचं काय त्यात? तुमच्या सवभावानंच सापडंल."

महिनाभर शोधतेय. रकाना न् रकाना पालथा घातला. सोमवारी नवा संगणक येणार, म्हणजे ही फाइल कायमची बंद... गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले होते. सरळ सांगून जायला काय झालं होतं?

काल प्रिंटर अडला. एक पालक खोळंबलेले. मी फाइलीतलं प्रिंटचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, पुन्हा... पाचव्यांदा आपटलं आणि पडद्यावर मेंढी उगवली. खाली लिहिलेलं, 'ताई, चिडू नका. प्रिंटरची वायर बघा.'

वायर खरंच निघाली होती. ती कायमच सैल. मी दोनदा बटण आपटलं की आप्पा समोरून उठायचे आणि ती बसवायचे. ते होते तोवर पाचव्यांदा दाबायची वेळच माझ्यावर आली नाही.

वायर बसवली, दाखला दिला, पालकांना वाटेला लावलं. मग वायर पुन्हा काढली आणि मोजून पाच वेळा बटण दाबलं.