लाल चिठ्ठ्या

आमच्या असोद्यात कुणी मला विचारलं, की तुझ्या धाकट्या जावेत असं काय विशेष आहे, तर मी सरळ सांगते: हट्टी आहे! मृणाली एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की ब्रह्मदेव आला तरी ऐकणार नाही.

जळगावातल्या एका खासगी दवाखान्यात ती नर्स होती. सरकारी आरोग्यसेविकेची जागा निघाली, आणि वयाच्या अटीमुळे हीच तिची शेवटची संधी होती. पुढच्या वेळी अर्जसुद्धा भरता आला नसता. अभ्यासाला वेळ कुठला, तर जाता-येता बसमध्ये आणि दुपारी डबा खाताना. मोठमोठी पुस्तकं घेऊन गर्दीत उभं कसं राहणार? म्हणून तिने मोबाइलवर टिपणं काढायचं ठरवलं.

ठरवलं तर काढ ना बाई! पण नाही. आधी म्हणे कोणतं ॲप बरं ते बघते. लसीकरणाचा एकच धडा तर तिने तीन ॲपमध्ये तीनदा लिहिला, बाकीचे कधी यात, कधी त्यात. पहिलं भारी नटवं होतं. कप्पे, तक्ते, रंगीत मुखपृष्ठं, काय नव्हतं त्यात! हवा तो शब्द टाकला की नेमकं पान पुढ्यात यायचं. पण नेट गेलं की ते तोंड मिटून बसायचं, आणि आमच्याकडे लाइट गेली की नेटही जातं. दुसऱ्यात बोटाने लिहिता यायचं. हृदयाची, मूत्रपिंडाची चित्रं तिने इतकी सुबक काढली होती की मीच बघत राहिले. पण त्यात काही शोधायला जावं तर सापडायचं नाही, आणि फोनमधली जागा भरून फोन रडायला लागला. तिसरं अगदी साधं. छोट्या छोट्या चिठ्ठ्या, त्यांना हवा तो रंग द्यायचा. नेट नसलं तरी उघडायचं, आणि गॅसची तारीख, किराणा, लेकीची लस असं घरचंही सगळं त्यात राहायचं.

"अक्का, हेच," ती म्हणाली. आणि दुसऱ्या दोन ॲपमधले सगळे धडे पुन्हा यात उतरवायला बसली!

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का? तेच तेच किती वेळा लिहिशील?" मी चांगलीच चिडले. तिने मान वरसुद्धा केली नाही.

पाठ झालं त्याला हिरवा रंग, अर्धवट आलं त्याला पिवळा, आणि काही केल्या डोक्यात बसत नाही त्याला लाल. लाल चिठ्ठ्या ती रोज वाचायची.

आता आमच्या सासऱ्यांचं, आबांचं सांगते. भाईदास आबा केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम. माणूस मूळचा एरंडोलकडचा, त्यामुळे बोलणं अजून अहिराणी, 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं'. केळीला घड आला की बागेत त्या आठवड्याच्या रंगाची फीत बांधतात. मग कापणीच्या दिवशी झाडापाशी थांबून विचार करायला नको. मुकादमाने म्हणायचं, आज लाल, की टोळी लाल फितीचे घड उतरवून मोकळी. कोणत्या बागेत कधी जायचं हे आबांच्या लक्षात राहीना, म्हणून संघपालभाऊंनी, म्हणजे मृणालीच्या नवऱ्याने, तेच ॲप आबांच्या फोनवर टाकून दिलं. खातं मात्र मृणालीचंच, त्यामुळे तिच्या चिठ्ठ्याही आबांना दिसायच्या. बाग कापून झाली की चिठ्ठी ॲपमधल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची, एवढं आबांना शिकवलं.

परीक्षा आठवड्यावर आली होती. मृणाली दवाखान्यातून आली, हातपाय धुऊन फोन उघडला, आणि "अक्का!" अशी ओरडली की माझ्या हातातलं पातेलं पडलं. एकही लाल चिठ्ठी नव्हती. कचऱ्याचा डबासुद्धा रिकामा, म्हणजे परत आणायचीही सोय नाही.

आबा ओट्यावरून खुशीत म्हणाले, "लाल व्हतं ते बठ्ठं मी कापी टाकं बेटा. डबाबी मीच साफ करा. म्हटलं, तुनं काम हलकं व्हयी."

माझा तोल गेला. "आबा, ती काय केळी होती का? पोरीची शेवटची संधी आहे, आणि तुम्ही…" आबांचा चेहरा उतरला. "मनं काही चुकनं का?" एवढंच ते म्हणाले. मग मलाच कसंतरी झालं.

मृणाली भिंतीला टेकून रडली. मग पदराने तोंड पुसलं आणि पुस्तकांची पिशवी माझ्या पुढ्यात आणून ठेवली.

"अक्का, तू विचार. मी सांगते. जे अडेल तेवढंच लाल करू."

मी पुस्तक उघडून विचारत गेले, ती सांगत गेली. कोणती लस किती अंशाला ठेवायची, गरोदर बाईला सूज आली तर आधी काय बघायचं. रोज वाचून अन् पुन्हा पुन्हा लिहून ते सगळं तिच्या आत कधी बसलं, तिलाच कळलं नव्हतं. आणि मी तिला त्यावरूनच बोलत होते! आठवडाभर चुलीपाशी, ओट्यावर, भाकऱ्या थापताना आमचं हेच चाललं. आबा शेजारी बसून ऐकायचे, आणि ती अडली की तिच्याआधी त्यांचाच जीव खालीवर व्हायचा. शेवटी लाल अशा मोजक्याच चिठ्ठ्या उरल्या.

परीक्षा धुळ्याला होती. आबा आणि मी सोबत गेलो. आत फोन नेऊ देत नाहीत, म्हणून फाटकाशी तिने तो आबांच्या हातात दिला.

"आबा, राहिलेलं सगळं बसमध्ये पाठ केलं. आता लाल बठ्ठं कापी टाका."

आबांनी फोन छातीशी धरला. "नही बेटा. निकाल लागू दे, मंग कापसू."

ती हसली, आणि मागे वळून न बघता आत गेली.

निकालात तिचं नाव निघालं तेव्हा आबा बागेत होते. कोणीतरी फोन केला असणार, कारण अंगावर केळीच्या चिकाचे डाग तसेच घेऊन ते धावत घरी आले. पाणी नाही, पेढा नाही, आधी चष्मा मागितला. ओट्यावर बसून फोन उघडला आणि मृणालीकडे बघितलं.

"आते कापू का?"

"कापा, आबा," ती म्हणाली.

आबांनी प्रत्येक चिठ्ठीचं नाव मोठ्याने वाचलं, आणि मग ती कापली.