बिननंबरची गाडी

वसमतला तेव्हा विजेवरची स्कूटर मी एकाच बाईकडं बघितली. तिचं नाव मला ठाऊक नाही. मी एस.टी.ची वाट बघत उभी असायची, अन् ती पदर कमरेला खोचून, सासूला मागं बसवून, आवाज न करता यायची. चढावर गाडी दोघींना ओढायची नाही. मग सासू उतरून पायी चालायची आणि वर गेली की परत बसायची. माझा जीव जळायचा. अशी सासू मला कुठून मिळणार?

एकदा पोलिसानं तिला अडवलं. मला बरंच वाटलं.

"नंबर कुठाय? लायसन दाखवा."

"साहेब, ही पंचवीसच्या वर पळतच न्हाई. हिला नंबर लागत न्हाई, लायसनबी न्हाई."

"चढावर तर माझ्याबी मागं राहती," सासू म्हणाली.

पोलीस हसला, त्यानं सोडून दिलं.

आमचे मालक मला नेहमी सांगायचे, चौथी शिकलेल्या बाईला लायसन मिळत नाही, गाडीचं नाव काढू नको. घरी आल्यावर मी त्यांना भीत भीत म्हणाले, "विजेच्या गाडीला लायसन लागत न्हाई म्हणं."

त्यांनी भाकर मोडली.

"सरकारला नसंल लागत. मला लागतं."