रिकामा खिळा

चंद्रभानचं घर मूळ विणकराचं. पुढच्या खोलीत माग होता, तेव्हा सूत तुटू नये म्हणून त्याचे वडील जमीन ओली ठेवत. चंद्रभान मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला लागला, माग गेला आणि त्या खोलीत चित्रं आली. अतिवास्तववादी म्हणतात तसली. झाडाला लटकलेले कान, पाण्यात पेटलेला कंदील, बिनतोंडाची नवरी. हौसेला मोल नसतं, हे सुभद्राला मान्य होतं. कुणाला पत्त्यांचा नाद, कुणाला बाटलीचा, आपल्या नवऱ्याला लटकत्या कानांचा, असं ती शेजारच्या इंदुताईला सांगून हसायची.

त्याची एक रीत होती. आधी खिळा ठोकायचा, मग चित्र शोधायचं. "खिळा रिकामा राहत नाही वं," म्हणायचा, आणि खरंच राहत नसे. पुढची खोली भरली, मग माजघर, मग स्वयंपाकघरही. उन्हानं रंग उडतात म्हणून खिडक्यांवर खाकी कागद चिकटला.

यंदा सुभद्राच्या हृदयानं दगा दिला. धंतोलीतल्या डॉक्टरांनी बजावलं, हिला उकाडा सोसणार नाही, उन्हाळाभर गारव्यात ठेवा. चंद्रभाननं मान डोलावली आणि घरी येऊन कूलरमधलं पाणी उपसून टाकलं. बापानं ओली ठेवलेली खोली पोराला कोरडी ठाक हवी होती.

"कूलर लावा ना जी. जीव घाबरून राहिला माहा."

"चित्रायले बुरशी लागते वं. पाऊस पडेपर्यंतची तर गोष्ट आहे."

माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. तो तिचा घाम पुसायचा, लिंबाचं सरबत पाजायचा, आणि पाजताना त्याची नजर तिच्या डोक्यावरून भिंतीकडे जायची. सुभद्राला त्या नजरेची भीती वाटू लागली. दोन शब्द सुनावणारी इंदुताईही भिवापूरला लेकाकडे गेली होती.

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस. एका दुपारी ठकठक आवाजानं सुभद्राला जाग आली. चंद्रभान स्टुलावर चढून तिच्या खाटेवरच्या भिंतीत खिळा ठोकत होता.

"कोणतं चित्र येऊन राहिलं?" तिनं विचारलं.

तो खाली उतरला, थोडा मागे सरकला आणि कित्येक दिवसांनी भिंत सोडून तिच्याकडे पाहत राहिला. मान तिरकी करून, एक डोळा मिटून, नवं चित्र पारखायचा तसा.

"इंदुताईच्या पोराच्या लग्नातला तुझा फोटो कुठी ठेवला वं?"

"कपाटात," सुभद्रा सवयीनं बोलून गेली.