अखाजीचं चौथं बोट

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की चहाच्या निमित्ताने उठून जाणारा मी माणूस. धुळ्यात पंपांच्या पार्ट्सचं दुकान आहे. आमच्याकडे आवाज आला की बेअरिंग गेलेलं असतं, दुसरं काही नसतं. तरी हे लिहितोय...

दिवाळीनंतर माझी बायको शोभा गेली. मुलगी रूपाली सिडनीला. तिला येता आलं नाही, शेवटचं सगळं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. पाहिलं म्हणजे, अर्ध्यातच फोन बंद केला. पुढे कधी रडलीही नाही.

यंदा अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी तिच्याकडे होतो. आम्हा खान्देशातल्या लोकांत या सणाला गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात, आणि उंबरठ्यावर एकेकाचं नाव घेत कुंकवाचं एकेक बोट ओढतात. शोभाचं बोट यंदा पहिल्यांदाच ओढायचं होतं.

सकाळी फ्लॅटमध्ये मी पितरांसाठी निखाऱ्यावर घास टाकला, तर स्मोक अलार्म असा बोंबलला की अख्खी बिल्डिंग खाली उतरली. पितरांचं माहीत नाही, फायर ब्रिगेड मात्र येता येता राहिली. मग रूपालीच म्हणाली, समुद्रावर जाऊ, आईला तिथे न्यायचं होतं. शोभाने समुद्र कधी पाहिला नव्हता. व्हिसासुद्धा आला होता तिचा.

दोन तासांवर ते नॅशनल पार्क. उंच कड्यावर लाकडी लुकआउट, खाली खडकांत इवलासा बीच. तिकडे ऋतू उलटे, थंडी अशी की मी माकडटोपीत. पार्किंगमध्ये फक्त आमची गाडी. 'पक्ष्यांना खाऊ घालू नका' अशी पाटी होती, म्हणजे आमचे पितर दुपारीही उपाशीच.

लुकआउटच्या पायरीलाच उंबरठा मानलं. मी नावं घेत गेलो — आबा, माय, नाना — आणि रूपाली बोटं ओढत गेली. मग मी 'शोभा' म्हणालो. तिने हात मागे घेतला.

"आईचं नको, पप्पा. मी पाहिलंच नाही ना... माझ्यासाठी ती आपल्या देवपूरच्या घरीच शे."

लहानपणानंतर तिच्या तोंडून अहिराणी ऐकली ती तेव्हा. मी कुंकवाचा करंडा खिशात टाकला. ती पुढे उतरली, मी घागर पिशवीत भरून मागोमाग.

खाली दोघं थोडा वेळ वाळूत बसलो. परतताना ती भराभर चढून गेली. मी प्रत्येक वळणावर देखावा बघायच्या नावाखाली दम खात होतो. वर पोहोचलो तर पोरगी पायरीपाशी बसून हुंदके देत होती.

"बरं झालं तुम्ही ओढलं, पप्पा. मला नसतं जमलं."

पायरीवर चौथं बोट होतं.

मी ओढलं नव्हतं. करंडा माझ्या खिशातच होता. शोभाची अनामिका कधीकाळी दारात चेंगरून वाकडी झाली होती, तिने ओढलेलं बोट शेवटी डावीकडे वळायचं. हेही वळलं होतं.

मी रूपालीला "हो" म्हणालो. तिला आजही तेच माहीत आहे.

कोणी फिरायला आलं असेल? त्याच्याकडे कुंकू कुठून? एवढंच कळतं, की पोरीला जड काम शोभाने कधी करू दिलं नाही. हेही तिनेच उरकलं असेल, तर ती तिथवर आली होती... आणि मी खालच्या वळणावर धापा टाकत उभा होतो.

जरा भराभर चढलो असतो तर कदाचित गाठ पडली असती.