घोडा परत तबेल्यात

ती चाल चांगली आहे हे मला कळलं होतं. कळूनही मी तिची टिंगल केली, भरल्या सभागृहात, हातात माईक घेऊन. नंतर मी सगळ्यांना सांगत फिरलो की ओघात बोलून गेलो. खोटं आहे ते. मी चिडलेलो होतो आणि मला कुणालातरी लागेल असं बोलायचंच होतं.

पुण्यात ग्रँडमास्टरांची स्पर्धा होती. खेळाडू वरच्या मजल्यावर बंद दालनात खेळत होते आणि खाली प्रेक्षकांना मोठ्या पडद्यावर पट दिसत होता. मराठीतून समालोचन माझ्याकडे होतं. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणारी मुलगी माझ्याच कोथरूडच्या क्लासमध्ये शिकलेली. नाव व्हायच्या आधी तिने माझा क्लास सोडला, तोही न भांडता, पेढे देऊन. भांडली असती तर मी केव्हाच विसरलो असतो. पेढ्यांचा राग मात्र जात नाही.

क्लासमध्ये माझा एक नियम होता. पुढे आलेला घोडा मागे न्यायचा नाही. नेला तर त्या दिवशी बिस्किट बंद. ती तेव्हा विचारायची, "सर, पण मागून चांगला रस्ता असला तर?" मी म्हणायचो, "रस्ते शोधायला रिक्षावाले आहेत. तू खेळ." बाकीची पोरं हसायची. पुण्यात मास्तर होण्यासाठी एवढं पुरतं.

तिची आई तेव्हा नारायण पेठेतून बसने तिला घेऊन यायची आणि क्लास संपेपर्यंत बाहेर जिन्यावर गवार निवडत बसायची. एकदा मी म्हटलं, "ताई, आत येऊन बसा की, बघा खेळ." त्या म्हणाल्या, "मला पट कुठं कळतो, सर? तुमचा चेहरा कळतो. दारातून दिसतो तेवढा. त्यावरून समजतं पोरगी बरी खेळतीये का ते."

स्पर्धेच्या दिवशी त्या ताई सभागृहात तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. पडद्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत.

डाव अगदी बंद झाला होता. मधली प्यादी एकमेकांना भिडून अडकलेली, मारामारी कुठेच नाही. लोक कंटाळले होते. अशा डावात जो घाई करतो तो मरतो. चांगल्या घराकडे मोहरं कसं पोचवायचं एवढंच बघायचं असतं. काळ्याचा एक उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला होता. पांढऱ्याला पटाच्या डाव्या अंगाला एक सुंदर घर मोकळं होतं, जिथून घोड्याला हाकलायला काळ्याकडे एकही प्यादं उरलं नव्हतं. पण तिचा घोडा होता तिथून त्या घरात थेट उडी जात नव्हती. तिने बराच वेळ विचार केला आणि घोडा उचलून मागे ठेवला. डाव सुरू होताना जिथे उभा असतो, त्याच घरात.

माझ्यासमोरच्या संगणकावर कोणाची बाजू किती वरचढ आहे ते दाखवणारी मूल्यमापनाची पट्टी होती. ती प्रेक्षकांना दिसत नव्हती, मलाच दिसत होती. ती तसूभरही खाली आली नाही. आणि पट्टी नसती तरी मला दिसलंच होतं: तिथून पुढच्या रांगेत, आणि मग त्या घरात. मागून रस्ता. माझ्या नियमाला माझ्याच शहरात, माझ्याच समोर दिलेलं उत्तर. माझ्या कानशिलांत रक्त चढलं.

मी माईक जवळ घेतला. "घोडा परत तबेल्यात! बाईसाहेबांना बहुतेक घरची आठवण झाली."

सभागृहात हशा फुटला. पहिल्या रांगेतले एक आजोबा टाळी देत म्हणाले, "वा! काय हाणलात!" त्यांच्यामागून आवाज आला, "अहो, घोड्याला वामकुक्षी लागते. एक ते चार बंद." परत हशा. मीही हसलो. मनापासून, तोंड भरून हसलो.

आणि हसता हसता तिसऱ्या रांगेकडे नजर गेली. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पिशवी उचलली, शेजारच्यांचे पाय चुकवत रांगेतून बाहेर पडल्या आणि दारातून निघून गेल्या. त्या का चालल्यात हे मला त्या क्षणी कळलं होतं. माईक माझ्या हातात होता. "ताई, थांबा, चाल चांगली आहे" एवढं म्हणायला काय लागत होतं? पण मग माझा विनोद फुकट गेला असता. मी पुढची चाल समजावून सांगायला लागलो.

घोडा त्या घरात पोचला. तिथून तो हलला नाही आणि काळ्याचं एकेक मोहरं त्याच्याभोवती गुदमरत गेलं. कोंडलेला उंट शेवटपर्यंत कोंडलेलाच राहिला. काळ्याने डाव सोडला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तेच आजोबा मला म्हणाले, "काय घोडा नेला हो मुलीनं! मला तेव्हाच वाटलं होतं." त्यांची मान पकडावीशी वाटली मला. पण त्यांनी फक्त हशाला साथ दिली होती. हसवलं मी होतं.

ती खाली आली, लाल झालेली, हसणारी. मला बघून म्हणाली, "सर, घोडा मागे नेला. बिस्किट बंद?" तिला काहीच माहीत नव्हतं. मग ती मान वळवून शोधायला लागली. "आई कुठंय?"

तिने माझ्यासमोरच फोन लावला. "अगं, जिंकले मी! कुठं आहेस?" पलीकडचं मला ऐकू आलं नाही. तिचा चेहरा मात्र उतरताना दिसला. "मऊ भात? कशाला? हरल्यावर लावतेस तो... कोण हसत होतं?" तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी गाडीची किल्ली शोधायचं नाटक करत निघून आलो.

आठवडाभर मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो. मग एका सकाळी नारायण पेठेत गेलो. मुलगी दुसऱ्या स्पर्धेला गेली होती. ताईंनी दार उघडलं, पाणी दिलं आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाल्या, "सर, मनाला लावून घेऊ नका. अवघड चाल होती म्हणे. तुम्हालाही तेव्हा कळली नसेल. होतं असं."

सुटायला वाट करून दिली होती त्यांनी. "हो ना" म्हटलं असतं, चहा घेतला असता आणि सुटलो असतो. पण आता स्वतःवरच आलेल्या रागाने मला तिथे धरून ठेवलं.

"नाही, ताई," मी म्हणालो. "मला कळली होती. चाल चांगली होती आणि मी तरी हसलो. तिने माझं ऐकलं नाही म्हणून हसलो. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघताय हे मला माहीत होतं. तुम्ही उठलात तेही मी पाहिलं, आणि थांबवलं नाही. तिचा सगळ्यात चांगला डाव तुम्हाला माझ्यामुळे बघता आला नाही. माझं चुकलं. मला माफ करा."